कुठल्या पायलीने? गॅसच्या करारावर सह्या करणाऱ्या उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमधील उद्योजक संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच एका संघटनेच्या बैठकीला मी गेलो होतो. विषय एकच होता, पाइपने येणाऱ्या गॅसच्या कराराचं नूतनीकरण. बैठक दोन तास चालली आणि त्यातला पावणेदोन तास एससीएममागे, म्हणजे ठरलेल्या तापमान-दाबाच्या एका घनमीटरमागे, पंचाहत्तर पैसे कमी होतील का यावर गेला. निवेदन कुणाला द्यायचं, आमदारांना बरोबर घ्यायचं की नाही, बातमी कुठे छापून आणायची, सगळं ठरलं. चहा झाला, खारी संपली. टेबलावर कराराचा चाळीसेक पानांचा मसुदा पडला होता. मी मागची परिशिष्टं चाळायला घेतली, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ते टेक्निकल आहे हो. ते त्यांचं ते बघतात."

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

मी तीसेक वर्षं गॅस मोजण्याच्याच कामात काढली. आधी मीटर बसवले, मग गॅसमधले घटक मोजणारे क्रोमॅटोग्राफ सांभाळले, आता निवृत्तीनंतर ओळखीच्या कारखान्यांची बिलं तपासून देतो. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की तुमचा दर कराराच्या पहिल्या पानावर ठरतच नाही. तिथे फक्त आकडा असतो. दर ठरतो मागे, 'व्याख्या' आणि 'मोजमाप' या दोन परिशिष्टांत, जी तुम्ही "त्यांचं ते बघतात" म्हणून सोडून देता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अजून शेती आहे, म्हणून घरातलंच बोलतो. धान्य पायलीने मोजायचे तेव्हा 'पायलीला इतके रुपये' एवढ्यावर सौदा होत नसे. शीग लावून, म्हणजे मापाच्या काठावर रास करून, की सपाट, हे आधी विचारलं जाई. पायली कुठली तेही विचारत, कारण इकडची पायली आणि तिकडची पायली एक नसे. दुधाचं आजही तेच आहे. गायीच्या दुधाचा दर जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक). पैसे लिटरवर दिसतात, पण डेअरी विकत घेते ते फॅट. डेअरीतलं फॅटचं मशीन नीट दाखवतं का, यावरून गावात किती भांडणं होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. उसाच्या काट्यावरून तर 'काटामारी' असा शब्दच भाषेत आला. काटा आणि फॅट यांवर इतकं जागरूक असणारं आपलं हे घर, कारखान्यात आलं की लाखोंच्या बिलावर डोळे मिटून सही करतं.

गॅसमध्येही घनमीटर हे नुसतं भांडं. तुम्ही विकत घेता ती उष्णता. १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १.०१३२५ बार दाब, या अवस्थेत शुद्ध, कोरड्या मिथेनच्या एका घनमीटरमध्ये साधारण ९,००० किलोकॅलरी असतात. पण पाइपातून शुद्ध मिथेन येत नाही. त्यात इथेन असतो, ज्याच्या घनमीटरमध्ये जवळजवळ १५,८०० किलोकॅलरी असतात. प्रोपेन असतो, तो त्याहून वरचढ. आणि नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड असतात, ते जळतच नाहीत. तुमच्या मीटरमधून मोजून घेतले जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. मुंबई हायचा गॅस मुळात इथेन-प्रोपेनने भरलेला, म्हणून उरणला त्यातून एलपीजी काढून घेता येतो. पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्राचा गॅस जवळजवळ निव्वळ मिथेन. दहेजला, हजिऱ्याला, दाभोळला जहाजाने एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, येतो, तो ज्या देशाचा तसा त्याचा गुण. हे सगळं एकाच जाळ्यात मिसळतं आणि तुमच्या दारात येतं. आज आलेला घनमीटर आणि महिन्यापूर्वीचा घनमीटर यांत चार-पाच टक्क्यांचं अंतर असू शकतं. मीटर बिचारा आंधळा असतो, त्याला दोन्ही सारखेच.

एकेकाळी तर गॅस उष्णतेवर विकतच नसत. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर दिवे लागले ते कोळशाच्या गॅसवर, आणि त्या काळी इंग्रजी कंपन्यांच्या गॅसचा कस पाहायचे तो ज्योत किती मेणबत्त्यांइतकी उजळते यावर. गॅस दिव्यासाठी होता, तोवर ते योग्यच होतं. चुली आणि भट्ट्या वाढल्यावर उजेडाचं माप कामाचं राहिलं नाही. ब्रिटनने १९२० च्या कायद्याने 'थर्म' आणला, म्हणजे एक लाख बीटीयू. बीटीयू हे उष्णतेचं इंग्रजी माप. आपल्या करारांतला एमएमबीटीयू, म्हणजे दहा लाख बीटीयू, असे दहा थर्म. (त्यातले दोन एम रोमन आकड्यांतले, हजार गुणिले हजार. एक एम गळला की माप हजारपटीने लहान होतं. असं गळालेलं खरेदीपत्र मी पाहिलं आहे. त्यावर चार सह्या होत्या.)

आता शीग आणि सपाट.

मिथेन जळला की पाणी तयार होतं, एका घनमीटरमागे साधारण दीड किलो. थंडीत सकाळी गॅसवरच्या बॉयलरच्या धुराड्यातून जो पांढरा पिसारा निघतो तो धूर नसतो, हीच वाफ असते. ती थंड होऊन पाणी झाली तर तिच्यात अडकलेली उष्णता परत मिळते. ती धरून मोजलं की जीसीव्ही, म्हणजे एकूण उष्मांक, सोडून मोजलं की एनसीव्ही, म्हणजे निव्वळ उष्मांक. मिथेनसाठी पहिला आकडा ९,०००, दुसरा ८,१००. जीसीव्ही एनसीव्हीपेक्षा ११ टक्क्यांनी जास्त. तुमचा बॉयलर कंडेन्सिंग जातीचा, म्हणजे या वाफेचं पाणी करून उष्णता परत घेणारा, नसेल तर वरची शीग तुमच्या कामी येत नाही, ती रोज आभाळात जाते. जीसीव्हीवरच्या करारात मात्र ती मोजलेली असते. यात लबाडी काही नाही. दर त्याच मापाने लावलेला असेल तर दोन्ही मापं सारखीच प्रामाणिक. घोटाळा होतो तो एकाच्या दराशेजारी दुसऱ्याचा दर ठेवला की.

आणि हा घोटाळा आपणच करतो असं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशात निघणाऱ्या गॅसचा दर बदलला, १ नोव्हेंबरपासून लागू. आधीचा दर ४.२ डॉलर प्रति एमएमबीटीयू. नवा दर कुठे ५.६१ डॉलर वाचायला मिळाला, कुठे ५.०५. दोन्ही बरोबर होते. जुना ४.२ एनसीव्हीवर होता, नवं धोरण जीसीव्हीवर गेलं. ५.६१ हा एनसीव्हीचा आकडा, ५.०५ हा जीसीव्हीचा. गॅस तोच, पैसे तेच. पण ज्याने ४.२ शेजारी ५.०५ मांडला त्याला दरवाढ २० टक्के दिसली, आणि ज्याने ५.६१ मांडला त्याला साडेतेहतीसच्या आसपास. चहाच्या टपरीवर त्या दिवशी दोन माणसं एकाच निर्णयावर वाद घालत असतील तर दोघंही पेपर नीट वाचणारे असू शकत होते.

हेच तुमच्या टेबलावर आणून बघा. आकडे मी सोयीसाठी धरतो. समजा एकाने १,४०० रुपये प्रति एमएमबीटीयू, जीसीव्हीवर, असा दर दिला. दुसऱ्याने १,५०० दिला, पण एनसीव्हीवर. तिसऱ्याने सरळ ५० रुपये प्रति एससीएम. बैठकीत हात वर करायला सांगितले तर पहिल्याला मतं पडतील, नाहीतर 'आपल्याला समजतं' म्हणून तिसऱ्याला. दुसऱ्याचे १,५०० भागिले १.११ करा: जीसीव्हीवर तो १,३५० च्या जवळ येतो, पहिल्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त. तिसऱ्याचं उत्तर गॅसवर अवलंबून. ९,००० किलोकॅलरीचा गॅस आला तर एका एमएमबीटीयूला २८ घनमीटर लागतात आणि तो १,४०० ला पडतो. ९,५०० चा आला तर साडेसव्वीस घनमीटर पुरतात, मग १,३२५ ला पडतो. म्हणजे तिसरा सर्वांत स्वस्त असू शकतो किंवा पहिल्याइतकाच महाग, आणि त्यातलं काय खरं ठरणार हे करार तुम्हाला सांगत नाही, कारण एससीएमच्या करारात गॅसच्या कसाची जबाबदारी बहुधा कुणीच घेतलेली नसते.

इंधन बदलताना हेच गणित आणखी चुकतं. गॅसमध्ये हायड्रोजन जास्त, म्हणून शीगही मोठी, ११ टक्क्यांची. एलपीजीची त्याहून कमी, फर्नेस ऑइलची सहा टक्क्यांच्या आसपास, कोळशाची त्याहूनही कमी. त्यामुळे 'जीसीव्हीला जीसीव्ही' लावून फर्नेस ऑइलवरून गॅसवर गेलात तर कागदावर दिसलेली बचत भट्टीत तेवढी दिसत नाही. बॉयलरवाल्याच्या माहितीपत्रकावर ९२ टक्के कार्यक्षमता लिहिलेली असेल तर ती एनसीव्हीवरची आहे का, हे विचारा. असेल, तर तुमच्या जीसीव्हीच्या बिलाशी तिचा मेळ घालताना ८३ धरा. विचारल्यावर विक्रेता थोडा अडखळतो, हा माझा अनुभव.

शीग-सपाटनंतर ओलं-कोरडं. इथे मी अमेरिकेचं एक प्रकरण सांगतो, कारण एक शब्द वगळला की काय होतं हे त्याहून चांगलं मला कुठे दिसलं नाही. १९७८ च्या कायद्याने तिथे गॅसची कमाल किंमत प्रति दशलक्ष बीटीयू ठरवून दिली. पण बीटीयू मोजायचे ते ओल्या गॅसचे की कोरड्या? जुनी पद्धत ओल्याची होती, म्हणजे ६० अंश फॅरनहाइटला पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेला घनफूट. त्याचं कारण उपकरणात होतं: जुन्या पाण्याच्या कॅलरीमापकात गॅस पाण्यावरून जात असे, म्हणून तो ओलाच मोजला जाई. या तापमानाला वाफ घनफुटाचा पावणेदोन टक्क्यांच्या जरा आत भाग खाते, तेवढी उष्णता कमी भरते. पाइपातला खरा गॅस मात्र जवळजवळ कोरडा असतो. १९८० मध्ये तिथल्या संघीय नियामक आयोगाने म्हटलं, येतो तसा मोजा, म्हणजे कोरडा. झालं, त्याच गॅसमध्ये एका रात्रीत १.७ टक्के जास्त बीटीयू 'सापडले' आणि तेवढी किंमत वाढली. पाइपलाइनवाले न्यायालयात गेले. १९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाचा नियम रद्द केला: संसदेने कायदा केला तेव्हा माप ओल्या गॅसचं होतं, तेच धरायचं. मग १९८४ मध्ये जादा घेतलेले पैसे परत करण्याचा आदेश निघाला. १.७ टक्के ऐकायला किती लहान वाटतं. पण साऱ्या देशाच्या गॅसवरचे १.७ टक्के कुणाकुणाकडून परत घ्यायचे, याचं निस्तरणं पुढे कितीतरी काळ चाललं.

तुमच्या मसुद्यात 'कोरडा' हा शब्द आहे का? परवाच्या मसुद्यात नव्हता.

बीटीयू नक्की कोणता, ज्वलनाचं संदर्भ तापमान १५ की २५, आदर्श वायू की प्रत्यक्ष वायू, हे प्रश्नही आहेत, पण त्यांचा फरक एक टक्क्याचा अंशभर असतो. गॅसचा उष्मांक काढण्याच्या आयएसओ ६९७६ या मानकाचं आणि त्याच्या आवृत्तीचं नाव करारात घातलं आणि संदर्भ स्थिती लिहिली की ते मिटतात. त्यांच्यावर मी तुमचा वेळ घेणार नाही. घनमीटरवर मात्र घेणार, कारण तिथे मी माणसाचे पैसे जाताना पाहिले आहेत.

देशावरच्या एका वसाहतीत फोर्जिंगचा कारखाना आहे. मालकांची तक्रार अशी की भट्ट्या त्याच, माल तेवढाच, पण फर्नेस ऑइल सोडून गॅसवर आल्यापासून टनामागचा हिशोब जुळत नाही. बर्नरवाल्याला तीनदा बोलावून झालं होतं. मी भट्टीकडे गेलो नाही, गेटजवळच्या मीटरच्या पिंजऱ्याकडे गेलो. आत रोटरी मीटर आणि त्याच्यावर ईव्हीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूम करेक्टर. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा. मीटरमधून गेलेल्या घनमीटरचे दाब आणि तापमान बघून एससीएम करतो, आणि बिल त्याच्यावरच निघतं. दुपारचं ऊन नेमकं काचेवर. फिटरने हेल्मेट काढून सावली धरली आणि मी बटण दाबत एकेक पान पुढे नेऊ लागलो. आधार तापमान १५.००, बरोबर. आधार दाब १.०१३२५, बरोबर. चालू दाब २.५१. शेजारच्या गेजचा काटा दीडवर. दीड अधिक एक पूर्णांक एक शतांश, अडीच. सगळं जुळतंय असं वाटून मी पुढचं बटण दाबणार, तोच मनात पाल चुकचुकली.

आम्ही उभे होतो ती जागा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर होती. तिथे हवेचा दाब १.०१ बार नसतो, ०.९४ ते ०.९५ च्या दरम्यान असतो. म्हणजे पाइपातला खरा दाब २.४५, आणि डबा धरत होता २.५१. सेन्सर गेज जातीचा निघाला. तो फक्त हवेच्या वरचा दाब सांगतो, हवेचा दाब माणसाने हाताने भरायचा असतो. भरणाऱ्याने समुद्रकिनाऱ्याचा भरला होता. बहुधा भरलाही नसेल, उपकरणाबरोबर आलेला आकडा तसाच राहिला असेल. मी डायरीत लिहून घेतलं आणि तिथेच भागाकार केला: अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. दिवसाला ५,००० एससीएम, ५० रुपये दर धरा, तर रोजचे साडेसहा हजार रुपये, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वीस लाखांच्या घरात. जो गॅस आलाच नाही त्याचे.

पुरवठादाराचा तरुण इंजिनिअर आला. पोरगा सरळ होता. त्याने लॅपटॉप जोडला, आकडा बदलला, चार मिनिटांत काम झालं. मालकांनी विचारलं, मागचं? तेव्हा करार उघडला. मीटरच्या नोंदीवर हरकत घ्यायची मुदत करारात दिलेली होती, आणि ती कधीच संपली होती. आणि 'वातावरणाचा दाब' कुठला धरायचा हे करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे चूक झाली असं म्हणायला कागदाचा आधारही नव्हता. मालक मला म्हणाले, "मी पंचाहत्तर पैशांसाठी यांच्या ऑफिसात पाच चकरा मारल्या होत्या." मी काही बोललो नाही.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. तोच आकडा उलट बाजूने चुकला असता तर कारखान्याला वीस लाखांचा गॅस फुकट गेला असता आणि हे पत्र कदाचित त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, सगळी घाटावरची गावं याच उंचीची आहेत. ठाण्यात, तळोज्यात ही चूक कुणाच्या लक्षातच येणार नाही, कारण तिथे ती चूकच नाही.

राहता राहिला क्रोमॅटोग्राफ. गॅसमध्ये काय किती आहे हे सांगणारं आणि त्यावरून उष्मांक काढणारं यंत्र. ते तुमच्या गेटवर नसतं, परवडणार नाही. ते वरच्या स्टेशनवर असतं आणि तिथला आकडा तुमच्या बिलाला लागतो. त्यामुळे प्रश्न असा की कुठल्या स्टेशनचा, कुठल्या दिवसाचा आणि सरासरी कशी काढलेली. दोन दिशांनी गॅस येत असेल तर दोन आकड्यांची नुसती बेरीज करून अर्धे करणं म्हणजे घागरभर पातळ दूध आणि तांब्याभर घट्ट दूध यांच्या फॅटची सरासरी काढणं. प्रवाहाचं वजन देऊन काढलेली सरासरी हवी. ब्रिटनमध्ये घरगुती बिलावरसुद्धा त्या काळाचा उष्मांक छापलेला असतो, घनमीटरला ३९ मेगाज्यूलच्या आसपास, आणि त्यावरून किलोवॉट-तास काढलेले असतात. शिवाय एखाद्या भागात कमी कसाचा गॅस शिरत असेल, तर बिलाला लावायचा उष्मांक त्या सर्वांत कमी कसाच्या गॅसपेक्षा एक मेगाज्यूलहून जास्त धरता येत नाही. ज्याच्या घरी पातळ गॅस गेला त्याला घट्ट गॅसचं बिल जाऊ नये म्हणून ही लगाम.

यंत्रालाही मन असतं, असं आम्ही गमतीने म्हणायचो. त्याची खातरजमा ज्या प्रमाणित सिलिंडरने करतात तो थंड एसी खोलीत ठेवला तर त्यातले जड घटक द्रव होऊन तळाशी बसू शकतात. मग वरून निघणारा गॅस प्रमाणपत्रात लिहिलाय तसा राहत नाही, आणि यंत्र त्या चुकीच्या गॅसवर स्वतःला बरोबर ठरवून घेतं. आम्ही सिलिंडरला गरम पट्टा गुंडाळून ठेवत असू. नवा आलेला मुलगा विचारायचा, "साहेब, याला ताप आलाय का?" तुम्ही हे स्वतः करावं असं मी म्हणत नाही. पण खातरजमेला संघटनेचा एक माणूस वर्षातून दोनदा हजर राहील आणि त्या दिवसाचा अहवाल तुम्हाला मिळेल, एवढं कलम मागायला पैसे पडत नाहीत.

आणि हे मागायचं ते तुम्हीच. औद्योगिक ग्राहकाला गॅस काय दराने विकायचा हे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ ठरवत नाही. तो तुमच्या आणि पुरवठादाराच्या कराराचा विषय. एकटा भट्टीवाला मागेल तर त्याला छापील मसुदा पुढे केला जाईल, 'घ्यायचं तर घ्या'. ऐंशी कारखान्यांची संघटना मागेल तर बोलणी होतील. मी माझ्या बाजूने एक परिच्छेद तयार ठेवला आहे. त्यात असं आहे: दर प्रति एमएमबीटीयू, जीसीव्हीवर, उष्मांक आयएसओ ६९७६ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे, कोरडा, प्रत्यक्ष वायूचा, ज्वलन आणि मोजमाप दोन्ही १५ अंश आणि १.०१३२५ बारला, ईव्हीसीला निरपेक्ष दाबाचा, म्हणजे हवेचा दाब धरूनच मोजणारा, सेन्सर, आणि तो बसेपर्यंत त्या जागेच्या उंचीचा वातावरणीय दाब, तो आकडा करारात लिहून, उष्मांक रोजचा, प्रवाहाच्या वजनाने, स्टेशनचं नाव घालून, बिलावर छापलेला, आणि सेटिंगची चूक सापडली तर ती ज्या दिवशी शिरली त्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी हिशोब. हे शेवटचं 'दोन्ही बाजूंनी' मुद्दाम आहे. त्याशिवाय ते सही करणार नाहीत, आणि करूही नये. किमान उचलीची अट असेल, ज्याला सगळे 'टेक ऑर पे' म्हणतात, तर तीही एमएमबीटीयूतच हवी, नाहीतर कस वाढलेल्या महिन्यात तुम्ही कमी घनमीटर उचलाल आणि न जाळलेल्या गॅसचे पैसे भराल.

पुढची बैठक ११ तारखेला आहे असं सचिवांनी कळवलं आहे. मी येतो. येताना प्रत्येकाने मागच्या तीन महिन्यांची बिलं आणि आपल्या ईव्हीसीच्या पडद्याचे फोटो आणावेत, सगळी पानं, बटण दाबत शेवटपर्यंत. ऊन लागत असेल तर कुणाला तरी हेल्मेट धरायला सांगा. 'पी-ॲटमॉस्फेरिक' किंवा तशा नावाच्या ओळीत १.०१३ दिसलं आणि तुमचा कारखाना घाटावर असेल, तर तो फोटो वेगळा ठेवा. त्याच्यापासून सुरुवात करू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना मीटरवाला